फॉक्सचा वेग हाताला आला, तरी स्टॉक का टिकत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये बरेच दिवस फॉक्स हे पात्र खेळणारा एक कॉलेजचा मुलगा विचारतोय: वेव्हडॅश (जमिनीवरून घसरत सरकणं) जमतो, शाइनमधून (फॉक्सचा अंगालगतचा झटपट फटका) उडी मारून निघता येतं, एल-कॅन्सल (उतरताना बटण दाबून खोळंबा कमी करणं) बहुतेक वेळा लागतो, तरी ऑनलाइन रँक्डमध्ये त्याच्यापेक्षा कितीतरी सावकाश खेळणारे मार्थ आणि शीक (ही दोन पात्रं घेणारे) त्याला धुऊन काढतात. एक फटका बसला की त्यातून सुटकाच नाही, स्टॉक (म्हणजे एक जीव) गेलाच. पात्र बदलावं, की हात अजून वेगवान करावेत?

दोन्ही नको. तुझे हात पुरेसे चालतात. गडबड अशी आहे की तू फॉक्सचा वेग जास्त गोष्टी करण्यात घालवतोस. तो वेग मुळात उशिरा ठरवण्यासाठी आहे. बाकीच्या पात्रांना जे आधीच ओळखून सुरू करावं लागतं, ते फॉक्स डोळ्यांनी बघून, मग निघूनही वेळेत गाठतो. ही सवलत न वापरता दर सेकंदाला काहीतरी करत राहिलास तर तुझ्याकडे उरतं फक्त एक हलकं, ठिसूळ पात्र. मग मार खाणं आलंच.

आधी 'हलका' म्हणजे नेमकं काय ते बघू, कारण इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो.

मेलीत वजन आणि पडण्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मारिओचं वजन १००, बाउझरचं ११७, मार्थचं ८७, फॉक्सचं ७५ आणि जिगलीपफचं ६०. युरोपात निघालेल्या पाल आवृत्तीत तर फॉक्सला आणखी उतरवून ७३ वर आणलं होतं. वजन कमी म्हणजे त्याच फटक्याने तू जास्त जोरात उडणार, एवढं सगळ्यांना कळतं. पण फॉक्स पडतो मात्र दगडासारखा. त्याच्या पडण्याची कमाल गती २.८ आहे, खाली स्टिक दाबली की ३.४. त्याच्यापेक्षा जोरात पडणारे म्हणजे फाल्को आणि कॅप्टन फाल्कन. जिगलीपफ हलकी आहे आणि तरंगते, फॉक्स हलका आहे आणि कोसळतो. दोघांनाही 'हलकी पात्रं' म्हणून एकाच रांगेत बसवलं की सगळा हिशेब चुकतो.

या कोसळण्याचा परिणाम बघ. फटका बसल्यावर किती वेळ तुझी बटणं चालणार नाहीत, ते फटक्याच्या धक्क्यावर ठरतं: धक्क्याच्या आकड्याच्या साधारण ०.४ पट फ्रेम्स (फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग). वजन कमी म्हणून तुला धक्का जास्त, म्हणून बधिर राहण्याचा काळही जास्त. जिगलीपफ अशा वेळी वर किंवा लांब तरंगत जाते आणि समोरच्याच्या हाताबाहेर जाते. फॉक्स मात्र बधिर असतानाच पुन्हा खाली, समोरच्याच्या हातात येऊन पडतो. कमी टक्क्यांना (टक्के म्हणजे आतापर्यंत खाल्लेला मार) तू कॉम्बोचं, म्हणजे सलग फटक्यांच्या साखळीचं, खाद्य होतोस त्याचं कारण हे आहे. त्यात तुझ्या हातांचा दोष फारसा नाही.

त्याचीच दुसरी, चांगली बाजूही आहे. सरळ वर जाणाऱ्या फटक्यांना फॉक्स वजनाच्या मानाने बरा टिकतो, कारण गुरुत्व त्याला छताला लागण्याआधी खाली ओढतं. आडवा उडाला की मात्र अवघड होतं, कारण परत येताना तो सतत खाली घसरत असतो. म्हणजे तुझे स्टॉक बहुतेक दोन ठिकाणी जातात: शून्य ते साठ टक्क्यांमधल्या कॉम्बोत आणि स्टेजच्या कडेबाहेर. या दोन्हींची सुरुवात न्यूट्रलमध्ये (कुणाचंच पारडं जड नसतानाच्या झुंजीत) खाल्लेल्या एका फटक्याने होते. म्हणून मी आधी न्यूट्रलबद्दलच बोलणार आहे आणि तिथेच जास्त वेळ घेणार आहे.

आता वेग. खेळ सेकंदाला ६० फ्रेम्सनी चालतो. उडी घेण्याआधी पात्र गुडघे वाकवतं, तो काळ फॉक्सचा ३ फ्रेम्स, मार्थचा ४, पीचचा ५ आणि बाउझरचा तब्बल ८. शाइन पहिल्याच फ्रेमला लागते. न्यूट्रल एअर आणि बॅक एअर हे हवेतले फटके ४ फ्रेम्सला, ग्रॅब (पकड) आणि अप-स्मॅश (वरच्या दिशेचा जोरदार फटका) ७ फ्रेम्सला. धावण्यात कॅप्टन फाल्कन त्याच्या किंचित पुढे आहे, २.३ विरुद्ध २.२, त्यामुळे 'फॉक्स सगळ्यात वेगवान' हे सरसकट खरं नाही. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे थांबलेल्या स्थितीतून मारण्यापर्यंत त्याला लागणारा वेळ.

माणसाचा डोळा मात्र फॉक्सचा नाही. पडद्यावर काहीतरी दिसून बोट हलेपर्यंत सर्वसाधारण माणसाला पंधरा-सोळा फ्रेम्स लागतात. सराव केलास तर थोड्या कमी होतील, पण निम्म्या होणार नाहीत. म्हणून 'अजून वेग वाढवू का' या प्रश्नाला फार अर्थ नाही. तुझा हात चार फ्रेम्सनी वेगवान होऊन जे मिळेल, त्याच्या तिप्पट योग्य जागी उभं राहून मिळतं.

एक उदाहरण अगदी जवळून बघू. स्टेज बॅटलफील्ड, समोर मार्थ, दोघेही शून्यावर. मार्थचा ग्रॅब लांब पोहोचतो आणि तो त्याचं मुख्य हत्यार आहे. तू डॅश डान्स करतोयस. ऑनलाइन बहुतेक नवे फॉक्स करतात तसा: पुढे पूर्ण डॅश, मागे पूर्ण डॅश, नुसती ये-जा. मार्थने ग्रॅब टाकला आणि तो हुकला. उभ्याने टाकलेला ग्रॅब संपायला एकूण ३० फ्रेम्स, म्हणजे अर्धा सेकंद. त्यातल्या पंधरा तुझ्या डोळ्याने खाल्ल्या. उरल्या पंधरा. तुझ्या ग्रॅबला सात हव्यात. म्हणजे धावायला उरल्या जेमतेम सात-आठ, आणि तेवढ्यात फॉक्स एक ठरावीक अंतरच कापतो. तू मागे पूर्ण डॅश मारून लांब गेला असशील तर पोहोचेपर्यंत मार्थ पुन्हा मोकळा झालेला असतो, आणि तू धावत त्याच्या तलवारीच्या टोकावर जाऊन पडतोस. मागचा डॅश अर्धाच घेऊन त्याच्या ग्रॅबच्या टोकापासून हातभर लांब राहिला असतास, तर तोच ग्रॅब तुझा होता.

बोटांचा वेग दोन्हीकडे तोच. फरक पडला तो फक्त मागे किती गेलास त्यात.

कबड्डीतला चांगला चढाईपटू बचावपटूच्या हाताला जेमतेम हुलकावणी देईल इतक्याच अंतरावर खेळतो, उगाच मध्यरेषेपर्यंत पळून परत येत नाही. फॉक्सचा डॅश डान्स तसा हवा. त्याचा सुरुवातीचा डॅश ११ फ्रेम्सचा असतो आणि त्या काळात कधीही उलटं फिरता येतं, म्हणून त्याची लांबी तुझ्या हातात आहे. सरावात मुद्दाम तीन वेगवेगळ्या लांबीचे डॅश करून बघ. बहुतेकांचा अंगठा एकाच लांबीला चिकटलेला असतो आणि त्यांना त्याची कल्पनाही नसते.

आणि थांब. खरंच थांब. वाकून किंवा नुसता उभा राहून मार्थकडे बघ. सावकाश खेळणारे मार्थ तुला मारतात त्याचं कारण हेच की तू त्यांना वाट बघायला मोकळं सोडतोस आणि स्वतः त्यांच्या तलवारीत शिरतोस. तू थांबलास की हलायची वेळ त्यांच्यावर येते, आणि मार्थ हलताना फॉक्सइतका सुरक्षित नसतो.

थांबायचं आणि समोरचाही थांबला, तर? त्यासाठी लेझर आहे. फॉक्सच्या लेझरने समोरचा डळमळत नाही, फाल्कोच्या लेझरसारखा तो कुणाला जागेवर अडवत नाही, त्यामुळे नवशिके त्याला कमी लेखतात. पण टक्के वाढत राहतात आणि समोरच्याला काहीतरी करावं लागतं. लांबून दोन-तीन लेझर मारून परत जागेवर यायचं. पंधरा लेझर मारत बसलास तर तो शिरायची वेळ नेमकी हेरतो. शीक आणि पीचसमोर हे फार उपयोगी पडतं. मार्थसमोरही पडतं, फक्त अंतर राखून.

आता न्यूट्रल एअर, म्हणजे सगळ्यांचं लाडकं 'नेअर'. धावत जाऊन लहान उडी आणि नेअर हे फॉक्सचं रोजचं हत्यार आहे, आणि तुझे अर्धे स्टॉक त्याच्यामुळेच जात असावेत असा माझा अंदाज आहे. कारण दोन.

पहिलं कारण वेळेचं. समोरच्याने शील्ड (बचावाची ढाल) धरलीय. तू उडी वर जात असतानाच नेअर मारलास. तो शील्डला लागला, पण तू अजून हवेत आहेस आणि खाली येईपर्यंत त्याला तुला पकडायला भरपूर वेळ आहे. हाच नेअर जमिनीला टेकण्याच्या जरा आधी मारलास, तर एल-कॅन्सल धरून उतरण्याचा खोळंबा १५ वरून ७ फ्रेम्सवर येतो, समोरचा काही फ्रेम्स शील्डमध्येच अडकलेला असतो, आणि तू उतरल्या-उतरल्या शाइन मारतोस, जी पहिल्याच फ्रेमला लागते. त्याचा ग्रॅब सातव्या फ्रेमला. तो पोहोचू शकत नाही. एवढंच ते गणित आहे. नेअर खाली येताना मारायचा, वर जाताना नाही. वर जातानाच्या नेअरला जागा आहे, पण ती समोरचा उडी मारणार हे तुला आधीच दिसत असेल तेव्हा.

एल-कॅन्सलबद्दल एक जोड. जमिनीला टेकण्याआधी ७ फ्रेम्समध्ये एल, आर किंवा झेड दाबावं लागतं हे तुला माहीत आहेच. पण फटका शील्डला किंवा अंगाला लागला की खेळ क्षणभर गोठतो आणि तुझं उतरणं तेवढं पुढे जातं. रिकाम्या स्टेजवर केलेला सराव म्हणूनच सामन्यात फसतो. शील्ड धरून उभ्या असलेल्या सीपीयूवर (खेळ स्वतः चालवतो त्या पात्रावर) सराव कर, नुसत्या हवेत नको.

दुसरं कारण वाकून बसणाऱ्यांचं, म्हणजे क्राउच कॅन्सल. समोरचा वाकलेला असताना तुझा फटका लागला तर धक्का एक तृतीयांशाने कमी होतो. कमी टक्क्यांना तुझा नेअर लागूनही तो जागेवरच राहतो आणि वाकल्या-वाकल्या तुला मारतो. तू म्हणतोस 'मी आधी मारला तरी मलाच लागलं', ते हे. शून्य ते तीसेक टक्क्यांपर्यंत वाकणाऱ्याला ग्रॅब कर. ग्रॅबला वाकण्याचा काही फरक पडत नाही. धावताना ग्रॅब करायचा तर उडीचं बटण दाबून लगेच झेड दाब, म्हणजे उडी रद्द होऊन उभ्याचा ग्रॅब निघतो. धावताना सरळ झेड दाबल्यास निघणारा ग्रॅब हुकला की बराच वेळ उघडा पाडतो.

शील्डवरचा दबाव हा तरुण पोरांचा आवडता विषय. मल्टी-शाइन, म्हणजे शाइन, उडी, पुन्हा शाइन, असं चालू ठेवणं. दिसायला झकास. पण सामन्यात त्याची गरज तुला वाटते त्यापेक्षा फारच कमी पडते. शील्डवर नेअर, शाइन, आणि मग तीनातलं एक: वेव्हडॅश करून मागे सरकायचं आणि तो काय करतो ते बघायचं, शाइनमधून उडी रद्द करून ग्रॅब करायचा, किंवा पुन्हा उशिरा नेअर. त्यातला पहिला पर्याय सगळ्यात कमी वापरला जातो आणि माझ्या मते तोच सगळ्यात मौल्यवान आहे. शाइन लागल्यावर बहुतेक लोक शील्डमधून घाईने काहीतरी बाहेर काढतात: उडी, रोल, ग्रॅब. तू हातभर मागे उभा असशील तर ते तुला आयतं मिळतं.

आता फटका लागल्यावर पुढे काय. अप-थ्रो (पकडून वर फेकणं) आणि त्यावर अप एअर (हवेत वरच्या दिशेने मारलेला फटका) हे तरंगणाऱ्या पात्रांवर फॉक्सचं ब्रह्मास्त्र. पीच, जिगलीपफ, बऱ्याच टक्क्यांपर्यंत मार्थ आणि शीकही. थ्रोनंतर ते स्टिकने दिशा वळवणार, डी-आय करणार, कमाल १८ अंशांपर्यंत. थ्रो झाल्यावर लगेच ठरलेली उडी न मारता क्षणभर बघ, डावीकडे गेला की उजवीकडे, मग उडी मार. उडी घ्यायला तुला ३ फ्रेम्स लागतात, वेळ आहे. अप एअरचे दोन फटके असतात, पहिला हलका आणि दुसरा जड. चांगले खेळाडू पहिल्या फटक्यात स्टिक झटकून दुसऱ्यातून निसटतात, म्हणून दुसरा, जड फटका नीट लागेल असा मार. फाल्को, फॉक्स आणि कॅप्टन फाल्कन इतक्या लवकर खाली येतात की त्यांच्यावर गणित वेगळं होतं. तिथे थ्रोनंतर पुन्हा ग्रॅब, अप-टिल्ट (वरचा हलका फटका) आणि शेवटी अप-स्मॅश.

शाइनची खरी किंमत कडेबाहेर आहे. फॉक्सच्या शाइनचा धक्का ठरलेला असतो, समोरच्याच्या टक्क्यांनी तो वाढत नाही. आणि तो आडवा ढकलतो. म्हणजे दहा टक्क्यांवरच्या कॅप्टन फाल्कनला कडेबाहेर शाइन लागली तर तो जवळजवळ गेलाच. तुझ्याकडे हे असताना तू काठावर उभा राहून स्मॅश चार्ज करत बसतोस का, ते तुझ्या रिप्लेमध्ये तपास. बाहेर उडी मार, शाइन दे, शाइनमधून दुसरी उडी घेऊन परत ये. जोपर्यंत दुसरी उडी शिल्लक आहे तोपर्यंत हे दिसतं तितकं धोक्याचं नाही. ती खर्चून बाहेर गेलास तर मात्र आत्महत्या.

आता तू मार खात असतानाचा भाग. इथे लोक हात सोडून देतात, 'लागलं, आता बघू' म्हणून. फॉक्स खेळणाऱ्याला ही चैन परवडत नाही. तू कोसळतोस, म्हणजे तू जमिनीवर सारखा आदळतोस, म्हणजे तुला टेक करायची (आदळताना बटण दाबून लगेच सावरायची) संधी बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा मिळते. जमिनीला लागण्याआधी २० फ्रेम्समध्ये एल किंवा आर दाबलं तर टेक लागतो. घाबरून लवकर दाबलास तर पुढच्या ४० फ्रेम्स पुन्हा प्रयत्न करता येत नाही. म्हणून बटण बडवायचं नाही, एकदाच आणि वेळेवर. आणि टेकची दिशा सवयीने ठरवायची नाही. तू प्रत्येक वेळी मागे टेक करत असशील तर चांगल्या शीकला ते दोन स्टॉकमध्ये कळतं, मग ती तिथे आधीच जाऊन उभी असते.

मार्थचा अप-थ्रो आणि पुन्हा ग्रॅब हे फायनल डेस्टिनेशनवर, जिथे एकही प्लॅटफॉर्म नाही, फॉक्ससाठी जवळजवळ शिक्षाच आहे. मार्थसमोर स्टेज वगळायचा हक्क मिळाला तर आधी तो वगळ, त्यावर विचार करत बसू नकोस. प्लॅटफॉर्म असले की तू मध्येच त्यांच्यावर उतरतोस आणि साखळी तुटते. पोकेमॉन स्टेडियम रुंद आहे, धावायला जागा देतं, मला फॉक्ससाठी ते आवडतं. ड्रीम लँडवर छत उंच, तिथे तू जास्त जगतोस पण समोरचाही जगतो. योशीज स्टोरी छोटा आहे, अप-स्मॅशने लवकर मारता येतं, पण मार्थची तलवार तिथे अर्धा स्टेज व्यापते.

परत येण्याबद्दल. फायर फॉक्स (पेटून झेप घ्यायची चाल) सुरू झाल्यापासून निघेपर्यंत सुमारे ४२ फ्रेम्स तू हवेत पेटत लटकतोस. समोरच्याला चहा घेऊन यावा इतका वेळ. इल्यूजन (झपकन पुढे सरकायची चाल) लवकर निघतं पण सरळ आडव्या रेषेत जातं. शिवाय मध्येच बी दाबून ते आखूड करता येतं, हे बरेच जण वापरतच नाहीत. नियम एकच सांगतो: तू दरवेळी त्याच उंचीवरून तेच करत असशील तर तू परत येत नाहीयेस, हजर होतोयस. कधी प्लॅटफॉर्मच्या उंचीवर इल्यूजन, कधी ते आखूड करून काठावर, कधी खालून फायर फॉक्स. आणि दुसरी उडी लगेच वापरू नको. फटका खाल्ल्या-खाल्ल्या घाबरून उडी मारणाऱ्या फॉक्सची पुढची वाट सगळ्यांना पाठ असते.

सराव कसा करायचा? स्लिपी (मेली ऑनलाइन खेळायचं सॉफ्टवेअर) आहे म्हणजे रिप्ले आपोआप साठतात. रोज सगळे सामने बघायचे नाहीत, कंटाळा येईल. हरलेला एक सामना घे. प्रत्येक स्टॉक गेला तिथून मागे जा, मरण्याच्या क्षणापर्यंत नाही, तर ज्या फटक्याने ते सगळं सुरू झालं तिथपर्यंत. त्या फटक्याच्या एक सेकंद आधी थांबव आणि विचार: हे मी का केलं? 'तो तिकडे गेला म्हणून' असं उत्तर आलं तर ठीक. 'डॅश डान्स करून झाला म्हणून' असं आलं तर तिथे दुरुस्ती हवी. चार स्टॉकपैकी तीनमध्ये दुसरं उत्तर येईल, लिहून घे.

तांत्रिक सरावासाठी अंकलपंचचा ट्रेनिंग मोड उत्तम आहे, लेज-डॅशपासून (काठावरून घसरत स्टेजवर येणं) एल-कॅन्सलपर्यंत सगळं त्यात मोजून दाखवतात. पण एका वेळी एकच गोष्ट घे. आणि लहान उडीकडे परत एकदा लक्ष दे. फॉक्सची लहान उडी म्हणजे बटण जास्तीत जास्त २ फ्रेम्स दाबायचं, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत. दाबायचं नाही, टिचकी मारून अंगठा सरकवायचा. दडपणाखाली पहिली बिघडते ती हीच गोष्ट. लहान उडीच्या जागी पूर्ण उडी निघाली की तू वर तरंगतोस, खाली मार्थ वाट बघतो.

कंट्रोलर घट्ट आवळून धरायची सवय असेल तर आजच सोड. फॉक्स हा हातांवर सगळ्यात जास्त ताण देणाऱ्या पात्रांपैकी एक आहे आणि मनगटाच्या, अंगठ्याच्या दुखण्याने अव्वल खेळाडूंनाही महिनोन्महिने बाहेर बसावं लागलंय. तासभर खेळलास की उठ, हात मोकळे कर. दुखत असताना 'अजून एक सामना' करायचा नाही. मुंग्या येत असतील किंवा दुखणं दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत असेल तर खेळ बंद आणि डॉक्टर, यात चर्चा नाही.

कुणाला बघायचं? मँगो या अव्वल खेळाडूचा फॉक्स बघ, पण त्याची नक्कल करू नकोस. त्याच्या बऱ्याच गोष्टी समोरच्या माणसाला ओळखून केलेल्या असतात आणि तुझ्यासमोर तो माणूस नसतो. २०१३ आणि २०१४ चं इव्हो (मारामारीच्या गेम्सची मोठी स्पर्धा) त्याने जिंकलं, ते सामने सहज मिळतात. तुझ्या अडचणीसाठी मी स्वीडनच्या आर्माडाकडे पाठवीन. तो मूळचा पीचचा खेळाडू, फॉक्स त्याने नंतर उचलला. त्याचा फॉक्स बघताना बटणं मोजू नकोस, तो कुठे उभा आहे ते बघ. आवाज बंद करून बघ, समालोचक फक्त फटक्यांवर ओरडतात. आणि २०१८ च्या इव्होचा विजेता लेफन: शील्डवर दबाव टाकल्यावर तो किती वेळा मागे सरकून नुसता बघत राहतो ते त्याच्या सामन्यांत शोध.

पात्र बदलण्याबद्दल विचारलं होतंस. शीक घेतलीस तर कमी मेहनतीत आठवड्याभरात तुझा रँक वर जाईल, हे खरं आहे. पण तुझी अडचण शीकबरोबरही येईल, फक्त उशिरा आणि वरच्या पातळीवर. म्हणून सध्या फॉक्सच ठेव आणि पुढचे काही दिवस रँक्ड बंद करून ओळखीच्या मार्थबरोबर खेळ. एक बंधन घालून घे: पहिल्या स्टॉकमध्ये त्याने काही हुकवल्याशिवाय तू नेअर मारायचा नाही. लेझर, डॅश, वाकणं, मागे सरकणं, ग्रॅब हे सगळं चालेल. सुरुवातीला तू आतापेक्षा जास्त हरशील. त्या सामन्यांचेच रिप्ले ठेव, आणि त्याच्या हुकलेल्या ग्रॅबनंतर तू किती वेळा पोहोचलास ते बघ.